विषय: मनीची पिल्लं आणि नसबंदीचं बिल

प्रेषक: मनीची आई

नमस्कार मंडळी,

पिल्लांचे फोटो टाकल्यावर चार पिल्लांना चौदा घरांतून मागणी आली, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. आता खरं दुखणं सांगते. मनीचं ऑपरेशन "करू, करू" म्हणत राहिले आणि ती सहा महिन्यांची व्हायच्या आतच गाभण राहिली. घरातली मोठी माणसं म्हणाली, एकदा तरी आई होऊ दे तिला. झाली. आता पिल्लं नऊ आठवड्यांची आहेत आणि दवाखान्याने पाच जीवांच्या नसबंदीचा जो अंदाज दिलाय, तो वाचून मीच भूल दिल्यासारखी बसले.

मनीचा खर्च माझा, यात वाद नाही. पण पिल्लांचा कुणी करायचा? देणाऱ्याने की घेणाऱ्याने? आणि ज्या बोक्यामुळे हे घडलं तो आपल्या याच मेल-यादीवरच्या एका घरातला आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या घराचा काहीच वाटा नाही का?

— मनीची आई

---

प्रेषक: खजिनदार काका

ज्याचं जनावर, त्याचा खर्च. पिल्लू ज्या दिवशी घरी नेलं त्या दिवसापासून त्याचं खाणं, लस, ऑपरेशन सगळं घेणाऱ्याचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला तरी कोंबडी आपणच मागितलेली असते.

कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो: मंडळाच्या निधीतून यासाठी काही मिळणार नाही. मंडळाच्या घटनेत बसत नाही. मी तपासलंय.

---

प्रेषक: बोक्याचे बाबा

नाव घेतलं नाही तरी बोट कुणाकडे आहे ते कळलं. पहिली गोष्ट, आमचाच बोका कशावरून? एक पिल्लू केशरी आहे म्हणून? बाकीच्या तिघांचा बाप कोण, ते आधी शोधा. दुसरी गोष्ट, बोका घरात पिल्लं घालत नाही. ज्यांच्याकडे भाटी आहे त्यांनी तिला सांभाळावं. निरोगी जनावराला खच्ची करून आणायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे, हे माझ्या मनाला पटत नाही.

---

प्रेषक: यादीवरचा एक विद्यार्थी

चौदा मागण्यांत एक माझी आहे. काका, तुमचा नियम सरळ आहे. पण तो लावला तर ज्याच्या खिशात एकरकमी पैसे नाहीत त्याने मांजर पाळूच नये, असा अर्थ निघतो. रोजचं खाणं मला परवडतं. वाळूही परवडते. एका दिवसात एवढं बिल नाही परवडत. माझ्यासारखे लोक टाळाटाळ करत नाहीत, पुढच्या महिन्यावर ढकलतात. आणि मांजर पुढच्या महिन्यासाठी थांबत नाही, हे मनीने दाखवलंच आहे.

---

प्रेषक: डॉक्टरताई

पेशंट संपवून बसले तर इथे बारा मेल! क्रमाने लिहिते, थोडं लांबेल.

आधी केशरीचा निकाल लावू. ते पिल्लू नर आहे, हो ना? बोक्याला केशरी रंग आईकडून येतो, बापाकडून नाही, कारण तो रंग एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स आईचाच मिळतो. मनी तिरंगी आहे, म्हणजे केशरी तिच्याकडेच होता. तेव्हा हा पुरावा बाद. आणि हो, एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बोक्याचे बाबा, लगेच हसू नका. याने तुमचा बोका निर्दोष ठरत नाही, फक्त खटला चालत नाही.

आता बिल. लोक मला विचारतात, अर्ध्या तासाच्या कामाचे एवढे? कातरी चालवायचा वेळ त्यात सगळ्यात थोडा असतो. आधीची तपासणी, रक्त, भूल, श्वासनलिकेत नळी, शिरेतून सलाईन, भूल असेतो शेजारी लक्ष ठेवणारं माणूस, निर्जंतुक केलेला हत्यारांचा संच, वेदनाशामक, टाके, गळ्यातली ती कर्ण्यासारखी कॉलर. बोक्याचं काम बाहेरून होतं आणि काही मिनिटांत आटपतं. मांजरीचं पोट उघडावं लागतं, म्हणून तिचं बिल जास्त. ती माजावर असेल किंवा गाभण असेल तर रक्तपुरवठा वाढलेला असतो, मग वेळ आणि बिल दोन्ही आणखी वाढतात. म्हणजे "करू, करू" म्हणण्याचीही किंमत त्यात धरलेली असते. कुत्र्यांत वजनावर भुलीची मात्रा ठरते, म्हणून मोठं कुत्रं महाग.

धर्मादाय दवाखाने हेच काम स्वस्तात करतात, त्यात खोट नसते. तिथे दिवसभर तेच एक ऑपरेशन चालतं, हात बसलेला असतो, छेद छोटा असतो, जनावर संध्याकाळी घरी जातं आणि उरलेला भार देणगीदार उचलतात. तरुण, निरोगी मांजरीसाठी मी स्वतः लोकांना तिकडे पाठवते. म्हातारं, लठ्ठ, हृदयाची तक्रार असलेलं किंवा चपट्या नाकाचं जनावर असेल तर मात्र पूर्ण सोयीच्या दवाखान्यात न्या, तिथे घासाघीस करू नका. आणि दर विचारताना एवढंच विचारा: यात वेदनाशामक, कॉलर आणि नंतरची तपासणी धरली आहे का? दोन दवाखान्यांतला निम्मा फरक तिथेच सापडतो.

न करण्याचाही खर्च असतो. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी पूर्वापार सरसकट होत नाही आणि विमा मात्र बहुतेकांचा असतो. त्या विम्याच्या नोंदींतून दिसलं की दहा वर्षांची होईपर्यंत चार-पाच माद्यांमागे एकीच्या गर्भाशयात पू होतो. मग तेच ऑपरेशन रात्री-बेरात्री, आजारी जनावरावर, कितीतरी पट पैशांत करावं लागतं आणि जीव वाचेलच याची खात्री नसते.

"एकदा आई होऊ दे" याला वैद्यकीय आधार नाही. मांजरीचं पाच महिन्यांच्या आत करा. पिल्लांना पाजत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून मनीला आत्ता घराबाहेर सोडू नका. कुत्रेवाल्यांनी मात्र हा नियम उचलू नये. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांना सांध्यांचे त्रास जास्त दिसले, असा अभ्यास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातून २०१३ साली आला. तिथे आपल्या डॉक्टरांशी बोलून वय ठरवा.

खच्ची करणं निसर्गाविरुद्ध आहे, हे मान्य. पण डबाबंद खाणं, लस आणि सोफा हेही निसर्गात नसतं.

— डॉक्टरताई

---

प्रेषक: पिंजरेवाल्या काकू

मी गेली काही वर्षं बेवारशी मांजरं पिंजऱ्यात धरून ऑपरेशनला नेते आणि परत सोडते, हे काहींना ठाऊक आहे. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात घरचे. त्या अनुभवावरून खजिनदारांना एक विचारते. "ज्याचं जनावर त्याचा खर्च" हे ठीक, पण ज्याने खर्च केला नाही त्याच्या मांजरीची पिल्लं कुणाची? ती माझ्या पिंजऱ्यात येतात. तेव्हा खर्च टळत नाही हो, फक्त दार बदलतं.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९९४ साली हे मान्य केलं. कुत्र्याच्या परवान्यावर थोडासा अधिभार बसवला आणि त्या पैशातून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी सुरू केली. मालकालाही थोडी रक्कम भरावी लागते, अगदी फुकट नाही. मला ती रीत आवडते. कुत्रेवाल्यांनी मांजरांचे पैसे का भरावेत, असं कुणी तरी म्हणणारच. पण आश्रयगृहं ओसंडली की त्याचा बोजाही सगळ्यांवरच पडतो.

आणि बोक्याचे बाबा, जर्मनीतल्या पाडरबोर्न शहराने २००८ साली नियमच केला: मांजर मोकळं सोडायचं असेल तर नसबंदी करूनच. बोका असो की भाटी. तुमचा बोका बाहेर जातो. विषय संपला.

मला सवलत विद्यार्थ्याला मिळालेली चालते. मोठ्या गाडीतून उतरून आश्रयगृहाच्या स्वस्त रांगेत उभे राहतात, ते डोक्यात जातात.

---

प्रेषक: खजिनदार काका

> खर्च टळत नाही हो, फक्त दार बदलतं.

हे पटलं. घटना तीच, पण माझा खिसा वेगळा आहे. एका पिल्लाचं माझ्याकडून धरा, विद्यार्थ्याचं. त्याने महिन्या-महिन्याने थोडे परत करावेत, घाई नाही. पावती मात्र हवी.

---

प्रेषक: मनीची आई

काका, डोळ्यांत पाणी आलं. (आणि पावतीवर हसूही.)

मी असं ठरवत होते की पिल्लू देताना अनामत रक्कम घ्यायची आणि ऑपरेशनचा कागद दाखवला की परत करायची. कसं वाटतं?

---

प्रेषक: पिंजरेवाल्या काकू

करून पाहिलंय. अनामत ऑपरेशनपेक्षा कमी असली की लोक अनामत सोडून देतात. जास्त ठेवली की पिल्लूच घेत नाहीत. त्यापेक्षा करूनच द्या.

---

प्रेषक: डॉक्टरताई

काकूंशी सहमत. निरोगी पिल्लू एक किलोचं झालं की करता येतं, आश्रयगृहं तेच करतात. घेणाऱ्याने तुम्हाला खर्च द्यायचा आणि टाके घातलेलं पिल्लू न्यायचं. हातात जनावर यायच्या आधी पैसे मागणं सोपं असतं. नंतर माणूस फोन उचलत नाही.

बापाच्या वाट्याबद्दल: भावना समजते, पण संख्या आटोक्यात ठेवायची तर पैसा आधी भाटीवर घालावा. परिसरातले सगळे बोके केले आणि एक राहिला, तरी तो एकटा सगळीकडे पुरतो. भाटी केली की तिचं वेत थांबलंच. अर्थात बोक्याच्या भांडणांतून आणि चाव्यांतून रोग पसरतात, दारोदार लघवीचे फवारे उडतात, म्हणून त्याचंही करावंच.

---

प्रेषक: बोक्याचे बाबा

बरं. बोक्याचं करून घेतो. फवाऱ्याचा उल्लेख घरात वाचला गेला, त्यामुळे आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. पण मनीच्या ऑपरेशनचे पैसे मागू नका. तत्त्वाचा प्रश्न आहे.

---

प्रेषक: मनीची आई

तत्त्व ठेवा. पिंजरा नेण्या-आणण्यासाठी गाडी मात्र द्या, पाच जीव माझ्या एका पिशवीत मावत नाहीत.

तर ठरलं: चारही पिल्लांचं धर्मादाय दवाखान्यात, घेणाऱ्यांकडून आगाऊ. एकाचं काकांकडून. मनीचं दूध आटलं की तिचं माझ्याकडून. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. आदल्या रात्री आठनंतर सगळ्यांचं खाणं बंद करते.

---

प्रेषक: डॉक्टरताई

थांबा! पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, रक्तातली साखर उतरते. पहाटे थोडं खायला द्या. नेमकी वेळ दवाखान्याला फोन करून विचारा. आणि बोक्याचे बाबा, ऑपरेशननंतरही काही आठवडे तो बाप होऊ शकतो. खिडकी बंद.