शब्दचर्चा : 'सुइसाइड गँकिंग'ला मराठीत वाटमारी म्हणावे की चाचेगिरी?

तळटीप

'ईव्ह ऑनलाइन' या अवकाशातल्या खेळाच्या चाहत्यांविषयी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे आणि एका शब्दापाशी अडकले आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. आइसलंडमधील सीसीपी या कंपनीने २००३ साली तो सुरू केला. जगभरातले बहुतेक सगळे खेळाडू 'न्यू ईडन' नावाच्या एकाच विश्वात वावरतात. या विश्वात पाच हजारांहून अधिक ग्रहमाला आहेत, आणि प्रत्येक ग्रहमालेला सुरक्षिततेचा एक आकडा दिलेला आहे. तो ०.५ किंवा त्याहून अधिक असेल तर तिथे कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस असतात. खेळाडू अशा भागाला हायसेक म्हणतात.

या सुरक्षित भागातही मालवाहू जहाजे लुटली जातात. स्वस्तातली छोटी जहाजे घेऊन दहा-वीस जण एकदम चाल करतात, पोलीस पोहोचण्याच्या आत मोठे जहाज फोडतात, पोलिसांकडून स्वतःची जहाजे ठरल्याप्रमाणे नष्ट करून घेतात आणि बाजूला थांबलेला साथीदार विखुरलेला माल उचलून नेतो. याला खेळाडू सुइसाइड गँकिंग म्हणतात. मी 'वाटमारी' असे लिहिले होते. लेख तपासणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे पडले की अवकाशात वाट नसते, जहाजे मात्र असतात, म्हणून 'चाचेगिरी' हाच शब्द योग्य आहे. मला ते पटलेले नाही, पण माझ्या शब्दाची बाजू नीट मांडताही येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

रात्रपाळी

मी हा खेळ बरीच वर्षे खेळतो आहे आणि 'वाटमारी' हाच शब्द मला अचूक वाटतो. अवकाशात वाट नसते हे खऱ्या अवकाशाबद्दल बरोबर असेल, पण या खेळात वाट असते. एका ग्रहमालेतून दुसरीत जायचे तर बहुतेकांना गेटमधूनच जावे लागते, आणि कोणत्या गेटनंतर कोणते गेट हे ठरलेले असते. जिता ही या विश्वातली सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. तिच्याकडे येणारा माल काही ठरावीक ग्रहमालांतून जातो आणि लुटारू नेमके तिथेच दबा धरून बसतात. उएदामा या ग्रहमालेचे नाव ऐकले की आजही मालवाहू चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अमार आणि जिता यांच्या दरम्यानची नियार्जा ग्रहमालाही अशीच कुप्रसिद्ध होती. २०२०मध्ये कथानकातल्या आक्रमणात ती हायसेकमधून निघून गेली, तेव्हा तो सुरक्षित रस्ता कित्येक पटींनी लांबला आणि व्यापाऱ्यांचे सगळे हिशेब बदलले. रस्ता बंद पडल्यामुळे जिथे बाजारभाव हलतात, तिथे वाट नाही असे कसे म्हणता येईल?

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. 'चाचे' हा शब्द या खेळात आधीच खर्ची पडलेला आहे. गुरिस्तास, सर्पेंटिस अशा टोळ्या खेळाच्या कथानकातच चाचे म्हणून येतात, आणि त्याखेरीज कमी सुरक्षित भागात राहून स्वतःला अभिमानाने चाचे म्हणवणारे खेळाडूही आहेत. हे लोक जहाज अडवतात, पैसे मागतात, आणि त्यांच्यातले जुने जाणते पैसे मिळाल्यावर जहाज सोडून देतात, कारण शब्द मोडला तर पुढच्या वेळी कोणी पैसे देणार नाही. गँक करणारा काहीही मागत नाही. तो थेट फोडतो. या दोघांना एकच शब्द वापरलात तर खेळाडूंना लेख चुकीचा वाटेल.

शुद्धमती

मूळ शब्दाकडे वळण्यापूर्वी एक विनंती करते. 'अवकाश' हा शब्द मराठीत सवड आणि मोकळी जागा या अर्थांनी रुळलेला आहे. ग्रहताऱ्यांच्या संदर्भात 'अंतराळ' हा शब्द अधिक निःसंदिग्ध आहे आणि लेखात तोच असावा.

आता 'सुइसाइड गँकिंग'विषयी. वाटमारी म्हटले की लुटारू जीव वाचवून पळून जातो असे चित्र उभे राहते. इथे हल्लेखोराचे जहाज नष्ट होणे हे अटळ आणि आधीच हिशेबात धरलेले आहे, आणि ती गोष्ट 'वाटमारी'त कुठेच येत नाही. 'आत्मघाती नौकालूट' असा नवा शब्द घडवावा असे मला वाटते. नवा शब्द सुरुवातीला कानाला खटकतोच. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्दही एके काळी कृत्रिम वाटत होते, आणि आज आपण ते विचार न करता वापरतो.

रात्रपाळी

शुद्धमतीताई, 'आत्मघाती' हा शब्द ऐकताच वाचकाच्या डोळ्यांसमोर बॉम्बस्फोट येतो. खेळातल्या हल्लेखोराचा जीव जात नाही. त्याचे कॅटालिस्ट नावाचे स्वस्तातले जहाज जाते आणि तो नवे घेऊन परत येतो. हा सगळा व्यवहार हिशेबाचा आहे. फोडायच्या जहाजातला माल आपल्या जाणाऱ्या जहाजांच्या किमतीपेक्षा जास्त असेल तरच हल्ला परवडतो, म्हणून लुटारू आधी माल तपासतात. ०.५च्या ग्रहमालेत पोलीस सर्वांत उशिरा येतात, म्हणून हल्ले तिथे अधिक होतात. खेळाडूंमध्ये एक वाक्य पक्के रुजलेले आहे की कॉन्कॉर्ड शिक्षा करते, संरक्षण करत नाही. दुसरे, नवख्यांना पहिल्या दिवशीच सांगितले जाणारे वाक्य असे की जे गमावणे परवडत नाही ते घेऊन उडू नये. या दोन वाक्यांत त्या समाजाची सगळी नीती आली.

आणि आम्ही मराठी खेळाडू आपसांत काय म्हणतो तेही नोंदवतो. 'गँक झाला', 'उएदामाला उडवलं', 'गेटवर बसलेत'. 'नौकालूट' असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

अष्टागर

'चाचे' या शब्दावरची माझी हरकत वेगळी आहे. मी अलिबागकडचा. आमच्या भागात कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी चाचे ठरवल्याचा राग अजून गेलेला नाही. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, अशी सरखेलांची मागणी होती. दस्तक नसलेले जहाज पकडणे हा त्यांच्या दृष्टीने राज्याचा हक्क होता आणि इंग्रजांच्या दृष्टीने ती चाचेगिरी होती. कोणाला चाचा म्हणायचे हे समुद्र कोणाचा मानता त्यावर ठरते. त्यामुळे हा शब्द लेखात घातलात तर लुटल्या गेलेल्याची बाजू आपण घेतली असे होईल.

व्युत्पत्तीबद्दल म्हणाल तर हा शब्द गुजरातीतल्या 'चांचिया'वरून आला, आणि तो सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या चांच या गावाशी जोडलेला आहे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मला ते पटते, कारण आमच्याकडचे जुने दर्यावर्दी हा शब्द नेहमी उत्तरेकडून येणाऱ्यांसाठीच वापरत.

तळटीप

अष्टागर यांनी दस्तकाचा विषय काढला म्हणून लेखातली दुसरी अडचण इथेच मांडते. २०१२च्या सुमारास 'न्यू ऑर्डर' नावाच्या एका गटाने हायसेकवर आपली सत्ता असल्याचे स्वतःच जाहीर केले. त्यांचीच पुढे 'कोड' नावाची आघाडी झाली. लघुग्रहांवर खाणकाम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षाला एक कोटी इस्क (हे खेळातले चलन) भरून त्यांचे 'परमिट' घ्यावे आणि त्यांचे नियम पाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. खेळ चालू ठेवून दुसरीकडे निघून जाणारा खाणकामगार त्यांना सर्वांत नकोसा होता. परमिट नसेल तर जहाज फोडले जाई. याला मी 'परवाना' म्हणावे की 'खंडणी'?

चाहत्यांत यावरून दोन तट आहेत. एका बाजूला हा गट म्हणजे शांतपणे खेळणाऱ्यांना छळणारी टोळी आहे, आणि दुसऱ्या बाजूला झोपी गेलेल्या हायसेकमध्ये याच लोकांनी थोडा जीव आणला. नवे खेळाडू अशा हल्ल्यांमुळे खेळ सोडतात, अशी जुनी तक्रार होती. २०१५च्या फॅनफेस्ट या चाहत्यांच्या मेळाव्यात कंपनीने मांडलेल्या आकडेवारीत मात्र नवख्यांपैकी फारच थोडे गँकिंगला बळी पडलेले दिसले, आणि जे पडले ते उलट जास्त काळ टिकले होते. त्यावरूनही वाद थांबलेला नाही, म्हणून मला कोणाचीच बाजू न घेणारा शब्द हवा आहे.

अष्टागर

मग 'दस्तक' यापेक्षा चांगला शब्द कोणता? मागणाऱ्याच्या लेखी तो हक्क आणि देणाऱ्याच्या लेखी ती जबरदस्ती, हे दोन्ही त्या शब्दाच्या इतिहासातच आहे.

शुद्धमती

दस्तक फारसी आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला गेला तो असे शब्द बाजूला सारण्यासाठीच. आपण आज ते पुन्हा उकरून काढावेत का?

मांडवीकाठ

ज्या दरबाराने तो कोश करवून घेतला त्याच्याच आरमाराने पुढे दस्तके दिली आणि मागितली. व्यवहारात शब्द टिकला, आणि मला वाटते हेच त्याचे उत्तर आहे. आमच्या गोव्याकडून एक भर घालतो. आंग्र्यांच्याही कितीतरी आधी पोर्तुगीज हेच करत होते. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत, आणि तो नसलेले जहाज ते जप्त करत. शब्द परका असल्यामुळे मराठी लेखात तो चालणार नाही हे मला कळते, पण समुद्र आपला आहे असे एकट्याने ठरवून इतरांना कागद विकण्याची ती रीत 'न्यू ऑर्डर'च्या रीतीशी सर्वांत जास्त जुळते.

प्रवराकाठची

'खंडणी' या शब्दावर इथे अन्याय होतो आहे असे वाटल्यामुळे लिहिते. वर्तमानपत्रांमुळे आज या शब्दाचा अर्थ गुंडाने धमकावून उकळलेला पैसा एवढाच उरला आहे. मुळात खंडणे म्हणजे ठरवणे, रक्कम एकदाच बोलून पक्की करणे, आणि म्हणूनच जमीन खंडाने देतात. ठरवून दिलेली रक्कम या अर्थी वर्षाच्या एक कोटी इस्कला 'खंडणी' हा शब्द तंतोतंत लागू पडतो. 'चौथ' मात्र कोणी सुचवू नये, कारण चौथ हा महसुलाचा चौथा हिस्सा असे आणि तो घेणाऱ्यावर त्या मुलखाला इतरांच्या उपद्रवापासून राखण्याची जबाबदारी येई. या परमिटात हिस्साही नाही आणि राखणही नाही.

रात्रपाळी

तुमचा 'खंड' मला दुसऱ्याच ठिकाणी फार उपयोगी दिसतो. पोलीस नसलेल्या नलसेक भागात मोठ्या आघाड्या मुलूख जिंकतात आणि त्यातल्या ग्रहमाला लहान गटांना दरमहा रक्कम ठरवून वापरायला देतात. अशा गटांना इंग्रजीत रेंटर म्हणतात आणि चाहत्यांमध्ये त्यांना फारसा मान नाही. जो मुलूख राखू शकत नाही तो भाडे भरतो, असे लढवय्ये म्हणतात. यांना 'भाडेकरू' म्हटले की घराची खोली आठवते. 'खंडकरी' म्हणावे.

प्रवराकाठची

नगर जिल्ह्यात तसे लिहिलेत तर अर्थ नेमका उलटा होईल. आमच्याकडे खंडकरी म्हणजे साखर कारखान्यांना आपली जमीन खंडाने देणारे मूळ मालक. कमाल जमीन धारणेच्या कायद्यानंतर त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांच्या पिढ्या झगडल्या. श्रीरामपूर-राहात्याकडच्या कोणालाही विचारा, खंडकरी म्हणजे ज्याची जमीन तो.

रात्रपाळी

पण शब्दाच्या घडणीवरून खंड भरणाराही खंडकरीच होतो ना? कष्ट करतो तो कष्टकरी, गावात असतो तो गावकरी. '-करी' लावला की देणारा-घेणारा असा भेद उरत नाही.

शुद्धमती

घडणीवरून अर्थ ठरत नाही, हे आपणच 'नौकालूट' नाकारताना म्हणत होता. वापरावरून ठरवायचे असेल तर प्रवराकाठची यांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

मांडवीकाठ

हा वाद चालू असताना मला फितुरीबद्दल विचारायचे आहे, कारण या खेळाची कीर्ती जितकी लढायांवर आहे तितकीच ती फितुरीवर आहे. २००५मध्ये 'गायडिंग हँड सोशल क्लब' या खेळाडूंच्या गटाने दुसऱ्या एका गटात आपली माणसे कित्येक महिने आधी पेरून ठेवली आणि एका दिवसात त्याची गोदामे रिकामी केली. २००९मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' या बलाढ्य आघाडीचा एक संचालक शत्रूला, म्हणजे गूनस्वॉर्मला, जाऊन मिळाला आणि त्याने आपल्या अधिकारात ती आघाडीच विसर्जित केली. दोन्हींना इंग्रजीत सरसकट स्पाय म्हटले जाते. मराठीत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिले हेर, कारण ते आरंभापासून दुसऱ्यांचेच होते, आणि दुसरा फितूर, कारण तो आधी खरोखर आपला होता. तळटीप यांनी लेखात हा भेद जरूर राखावा.

अष्टागर

भेद मान्य आहे. परंतु 'फितूर' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात आधीच निकाल लागलेला असतो. त्या संचालकाला गूनस्वॉर्ममध्ये मान मिळाला, आणि कंपनीने त्याची कृती खेळाच्या नियमांत बसणारी मानली. जो समाज अशा कृत्याची गोष्ट वर्षानुवर्षे कौतुकाने सांगतो, त्याच्यासाठी इतका डागलेला शब्द न्याय्य आहे का?

मांडवीकाठ

ज्यांची आघाडी गेली त्यांनी ती गोष्ट कौतुकाने सांगितलेली नाही. त्यांचे नाव गेले आणि डेल्व्ह प्रदेशातला त्यांचा मुलूख उघडा पडला. शब्द त्यांच्याही बाजूने असायला हवा.

तळटीप

सर्वांचे आभार. 'वाटमारी' ठेवते आहे. 'परमिट'साठी दस्तक आणि खंडणी यांच्यात अजून अडले आहे. रेंटरसाठी 'खंडकरी' वापरायचा मोह होतो आहे, पण अंक नगरलाही जातो. खंड भरून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला तुमच्या भागात आज बोलताना काय म्हणतात? 'कूळ' नको, कारण कुळाला कायद्याने हक्क मिळतो आणि या खेळातल्या रेंटरला तो कधीच मिळत नाही.

प्रवराकाठची

आमच्याकडे 'खंडानं करतो' असे म्हणतात. त्याला वेगळे नाव नाही.

रात्रपाळी

मग क्रियापदच वापरा. 'ही आघाडी दुसऱ्याचा मुलूख खंडाने करते' हे वाक्य मला कोणत्याही नामापेक्षा चांगले वाटते.

शुद्धमती

शीर्षकात क्रियापद कसे बसवणार? आणि 'अंतराळ'चे काय ठरले, ते कोणीच सांगितलेले नाही.