मदत हवी आहे: चेतक हेलिकॉप्टरचं शेपटीचं पातं (उडवायला नाही!)

नमस्कार मंडळी,

आमच्या आयटीआयच्या आवारात एक निवृत्त चेतक उभं आहे. मी फिटर ट्रेडला शिकवतो, विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण डागडुजीचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलंय. शेपटीच्या पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक गायब आहे. पुढच्या बुडबुड्यासारख्या काचेला हातभर तडा गेलाय. एक्झॉस्टच्या नळीत साळुंकीचं घरटं आहे, ते वेगळंच.

वाचून एवढं समजलं की हे मूळचं फ्रेंच अलूएत ३. पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९५९ चं. १९६२ च्या करारानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स ते परवान्यावर बंगळुरूला बनवू लागली. अलूएत म्हणजे चंडोल पक्षी. आपण त्याचा घोडा केला.

एक भंगारवाला पातं देतोय. "साहेब, मिलिटरीचंच आहे," म्हणतो. पण ते मुळाशी कापलेलं आहे आणि मधोमध भोक पाडलंय. किंमत मात्र अख्ख्याची! घ्यावं का? चीता हेलिकॉप्टरचं पातं चालेल का? आणि हे यंत्र लष्कराचं की वायुसेनेचं, हे कसं ओळखायचं? माहितीची पट्टी कुणीतरी काढून नेलीय, रिव्हेटची चार भोकं तेवढी उरलीत.

प्रतिसाद १

सर, मी चेतक-चीतावर टेक्निशियन होतो. ते पातं घेऊ नका. पात्याचं आयुष्य तासांत मोजतात. तास भरले की ते कितीही चकचकीत दिसो, उतरवायचंच. पुन्हा कुणी मशीनवर चढवू नये म्हणून मग कापतात, भोक पाडतात. तुम्हाला दाखवलेलं तसलंच दिसतंय.

चीता म्हणजे अलूएत २ चा सांगाडा आणि त्यावर अलूएत ३ चं इंजिन नि रोटर (फिरणारे पंखे), त्यामुळे तुमचा अंदाज अगदीच वावगा नाही. पण नुसतं उभं करायचंय तर खरं पातं हवंय कशाला? दोन पाती शाबूत आहेत ना? माप घ्या, लाकडात करा आणि आतल्या बाजूला ‘नमुना’ असं लिहून ठेवा.

काच म्हणताय ती ॲक्रिलिक आहे. थिनर, पेट्रोल अजिबात लावू नका, बारीक जाळी पडेल. तडा जिथे संपतो तिथे बारीक गोल भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. तुम्ही फिटर, तुम्हाला काय सांगायचं!

पोरांना एक गंमत नक्की सांगा. उडताना या इंजिनाला रेस कमी-जास्त करत नाहीत. फेरे मिनिटाला ३३,५०० वर कायम. जास्त ताकद हवी की पायलट पात्यांचा कोन वाढवतो, इंधनाचं इंजिन आपलं आपण बघून घेतं.

प्रतिसाद २

शेपटीच्या दांड्यावरचा रंग वॉटर पेपरने पाणी मारत हळूहळू उतरवा. ग्राइंडर नको! खाली नंबर सापडेल. इंग्रजी झेडने सुरू झाला तर वायुसेना किंवा लष्कर, आयएन असेल तर नौदल, सीजी असेल तर तटरक्षक दल. लष्कराचा स्वतंत्र हवाई विभाग १ नोव्हेंबर १९८६ चा, त्याआधीचं मशीन असेल तर नुसत्या झेडवरून घाईने ‘लष्कराचं’ म्हणू नका. डाव्या दरवाजाच्या वर काही बसवल्याच्या खुणा आहेत का, तेही बघा. माणूस वर ओढायची विंच तिथे असते.

धागाकर्ता

दोघांचे आभार. शनिवारी पोरांना घेऊन बसलो. राखाडी थराखाली पांढरा, त्याखाली पुन्हा राखाडी, आणि मग ‘आय’ आणि ‘एन’चा अर्धा पाय! दरवाजावर बोल्टची भोकंही आहेत, पुट्टीने बुजवलेली. "म्हणजे सर, हे समुद्रावरून उडायचं?" एकाने विचारलं. आम्ही इतकी वर्षं पंधरा ऑगस्टला ‘लष्कराचं हेलिकॉप्टर’ म्हणून त्याला हार घालत होतो.

पुढचे आकडे पुसट आहेत, घासताना निघून जायची भीती वाटते. रंग न खरवडता ते वाचायची काही युक्ती आहे का?

सागवानाचं पातं सुताराकडे दिलंय. एक्झॉस्टला अजून हात लावलेला नाही, आत पिल्लं आहेत.