विटांच्या जुन्या भिंतीत केमिकल अँकर टिकेल का? मदत हवी आहे

नमस्कार. गिरगावातील आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्याला भिंतीच्या बाजूने धरायला काहीच नाही, त्यामुळे वरच्या मजल्यांवरील वृद्धांना भिंतीला हात टेकवत चढउतार करावी लागते. तेथे ब्रॅकेटवर स्टेनलेस स्टीलचा पाइप बसवायचा आहे. भिंत चुन्यात बांधलेल्या भरीव विटांची असून तिच्यावर जाड प्लास्टर आहे, आणि पावसाळ्यात तिच्यात ओल उतरते.

मिस्त्री नेहमीचे फास्टनर सुचवतात. परंतु असा फास्टनर आवळला की भोकात पसरून कडांवर दाब देतो, आणि त्या दाबाने जुनी वीट तडकेल अशी मला काळजी वाटते. केमिकल अँकरमध्ये आटेदार सळई रेझिनने (भोकात भरल्यावर कडक होणाऱ्या चिकट रसायनाने) धरली जाते व हा पसरण्याचा दाब येत नाही, म्हणून तो मला योग्य वाटतो. ओलसर भिंतीत रेझिन नीट धरेल का, आणि भोक किती खोल घ्यावे? तोल गेलेला माणूस या पाइपला सारा भार देऊन लटकेल, म्हणून अंदाजावर काम करायचे नाही.

प्रतिसाद:

आपला विचार बरोबर आहे. मात्र रेझिन फक्त विटेला धरते, आणि वीटच चुन्यात सैल असेल तर ती अँकरसकट बाहेर येईल. म्हणून भोक सांध्यात न घेता विटेच्या मध्यावर घ्यावे आणि खोली मोजताना प्लास्टरची जाडी धरू नये. खोलीचा आकडा त्या रेझिनच्या तांत्रिक पत्रकातील विटांच्या तक्त्यातूनच घ्यावा, काँक्रीटच्या नव्हे. ओल्या भोकात चालते की नाही, हेही तेथेच दिलेले असते. ड्रिलचा हातोडा, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवावा.

भोकातल्या धुळीमुळे अँकर निकामी होऊ शकतो. हवा मारणे, तारेचा ब्रश फिरवणे, पुन्हा हवा मारणे, हे धूळ येईनाशी होईपर्यंत करावे. ओल्या भिंतीत तिचा चिखल होतो, त्यामुळे शक्य असल्यास काम उन्हाळ्यातच उरकावे. नळीतून प्रथम येणारे रेझिन एकसारखा रंग येईपर्यंत टाकून द्यावे, भोक तळापासून भरत यावे आणि सळई फिरवत आत सरकवावी. पत्रकातील वेळ पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नये.

समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी सळई ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. सर्व ब्रॅकेट लावण्यापूर्वी त्याच भिंतीत एक-दोन अँकर बसवून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ओढचाचणी (अँकर ओढून तो किती भार सोसतो हे पाहणे) करून घ्यावी. त्या चाचणीत अँकर टिकले नाहीत, तर भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागे पोलादी पट्टी द्यावी लागेल.