शब्दचर्चा : तरतूद, अंदाजपत्रक, उपकर, शुल्क, शास्ती (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

पाचपाखाडी
ठाणे आणि नवी मुंबईतल्या नागरी कामांच्या कागदांत तीन वाक्ये सतत भेटतात. 'तरतूद करण्यात आलेली आहे', 'अंदाजपत्रक तयार आहे' आणि 'निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात येईल'. वाचणारा तिन्हींचा अर्थ 'पैसे मंजूर झाले' असाच लावतो. तसा तो आहे का? दुसरे म्हणजे मालमत्ता कराच्या देयकावर कर, उपकर, लाभकर असे वेगवेगळे रकाने असतात, घर घेताना त्यात शुल्क आणि अधिभाराची भर पडते. या शब्दांत नेमका फरक कोणता? शब्दकोशात सगळे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले दिसतात.

लेखाशीर्ष
आधी अंदाजपत्रक. या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच इमारतीत चालतात. लेखा विभागात अंदाजपत्रक म्हणजे वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज, जो आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात. वर्तमानपत्रे त्यालाच 'पालिकेचा अर्थसंकल्प' म्हणतात. अभियंता विभागात अंदाजपत्रक म्हणजे एका कामाचा खर्चाचा हिशेब : इतके घनमीटर खोदाई, इतके काँक्रीट, दरसूचीतला दर गुणिले परिमाण. 'अंदाजपत्रक तयार आहे' हे उत्तर अभियंत्याच्या सहीचे असेल तर अर्थ एवढाच की आकडेमोड झाली. पैशाचा त्यात संबंध नाही.

राज्याच्या बाबतीत अर्थसंकल्प हा रूढ शब्द. संविधानाच्या अनुच्छेद २०२ मध्ये मात्र 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' आहे.

आता तरतूद. तरतूद म्हणजे अमुक कामासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च करायची परवानगी. रोकड नव्हे. राज्यात हा प्रवास असा होतो : विभाग मागणी मांडतो (अनुच्छेद २०३), विधानसभा ती मंजूर करते, विनियोजन विधेयक संमत होते (२०४), आणि मग राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढायची कायदेशीर वाट खुली होते. इथपर्यंत फक्त तरतूद आहे. त्यानंतर वित्त विभाग 'बीम्स' या संगणक प्रणालीतून ती टप्प्याटप्प्याने वितरित करतो, विभागाकडून नियंत्रण अधिकाऱ्याकडे, तिथून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे पैसे काढून वाटणाऱ्याकडे. या अधिकाऱ्याच्या नावावर जेवढी रक्कम वितरित झाली तेवढ्याचेच देयक कोषागार स्वीकारते. तरतूद दहा कोटींची आणि वितरण चार कोटींचे झाले, तर त्या वर्षापुरते काम चार कोटींचे. म्हणून माहिती मागताना 'तरतूद किती' विचारून थांबू नये. 'वितरित किती आणि खर्च किती' हे दोन आकडे सोबत मागावेत.

कामाची बाजू समांतर चालते : ढोबळ अंदाजावर प्रशासकीय मान्यता, तपशीलवार अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातली नोंद, देयक. गाडी बहुधा अडते ती जागेचा ताबा नसताना घेतलेल्या प्रशासकीय मान्यतेवर. निधी वितरित होतो, काम सुरू होत नाही, ३१ मार्च येतो आणि रक्कम व्यपगत होते, म्हणजे वापराविना रद्द होते. खर्च होणार नाही असे आधीच दिसत असेल तर विभागाने ती 'प्रत्यर्पित' करायची असते, म्हणजे परत करायची. हा शब्द कागदावर दिसला की समजावे, पुढच्या वर्षी तरतूद पुन्हा मागावी लागणार.

नेरूळ पश्चिम
वरचे वर्णन राज्याला लागू. महापालिकेला कोषागाराची गाळणी नाही, तिचा स्वतःचा महापालिका निधी असतो. म्हणून तिथे तरतूद फुगण्याची शक्यता जास्त. जमेची बाजू आशावादी धरली की खर्चाच्या बाजूला कितीही कामे बसतात. प्रत्यक्ष वसुली कमी आली की 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे वाक्य सुरू होते.

दुसरा सापळा 'दायित्व' या शब्दात. समजा रस्त्यांच्या शीर्षाखाली वीस कोटी दाखवले आहेत. त्यात मागच्या वर्षी कार्यारंभ आदेश दिलेल्या कामांची देणी तेरा कोटींची असतील, तर नव्या रस्त्यांना उरतात सात. वाढलेल्या तरतुदीची बातमी वाचून प्रभागात नवीन काम शोधायला गेलेला माणूस इथेच फसतो. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात चार रकाने एका ओळीत वाचावेत : मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, पुढील वर्षाचा अंदाज. सुधारित अंदाज मूळच्या निम्म्यावर आला असेल आणि पुढचा अंदाज पुन्हा मूळच्या पातळीवर गेला असेल, तर तो आकडा फारसा गांभीर्याने घेऊ नये.

आणि 'टोकन'. राज्याच्या कागदांत यालाच 'लाक्षणिक' म्हणतात. नाममात्र रक्कम दाखवून लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातले खाते, उघडून ठेवायचे, जेणेकरून पुढे पुरवणी मागणीने किंवा पुनर्विनियोजनाने त्यात पैसे टाकता यावेत. 'समावेश झाला' अशी घोषणा याच्याही जोरावर होऊ शकते.

पाचपाखाडी
पुनर्विनियोजन म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याला?

लेखाशीर्ष
हो, पण त्याच अनुदानाच्या, म्हणजे मंजूर झालेल्या त्याच मागणीच्या आत. महसुली आणि भांडवली यांच्यामधली भिंत ओलांडता येत नाही, आणि 'भारित' व 'दत्तमत' यांच्यामधलीही नाही. भारित म्हणजे ज्यावर सभागृहात मतदान होत नाही असा खर्च, उदाहरणार्थ राज्याच्या कर्जावरचे व्याज. दत्तमत म्हणजे मतदानाने मंजूर होणारा.

महसुली की भांडवली हे लेखाशीर्षाच्या पहिल्या अंकावरून कळते. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली खर्च, ६ किंवा ७ कर्जे व आगाऊ रकमा. २२१० हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, तर ४२१० हा त्याच विषयाचा भांडवली भाग. रुग्णालयाची इमारत ४२१० मधून उभी राहते. डॉक्टरांचे पगार आणि औषधे २२१० मधून येतात. इमारत तयार पण परिचारिका नाहीत, ही तक्रार ऐकली की ४२१० मध्ये पैसे होते, २२१० मध्ये पदांना मान्यता किंवा तरतूद नव्हती, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

सानपाडा
उपकराकडे वळू या, कारण नवी मुंबईत या शब्दाने चांगलाच गोंधळ घातलेला आहे. पाठ्यपुस्तकी अर्थ : विशिष्ट कामासाठी बांधलेला, मूळ करावर किंवा त्याच्या जोडीने घेतलेला कर. पण नवी मुंबई महापालिकेने १९९६ मध्ये जकातीऐवजी जी आकारणी सुरू केली तिचे नावच 'उपकर' होते. नाक्यावर ट्रक थांबवून वसुली नाही, व्यापाऱ्याने आपल्या हिशेबवहीवरून स्वतः भरायचे. तो कुठल्या कामाला बांधलेला नव्हता, सरळ सर्वसाधारण उत्पन्न होते. म्हणून तुर्भ्याच्या जुन्या कागदांत 'उपकर विभाग' दिसला तर शिक्षण उपकराचा संबंध जोडू नये. ठाण्यात मात्र जकातच होती. दोन्हीकडे १ एप्रिल २०१३ पासून स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करात सगळे विरले.

कोलशेत
त्यानंतर महापालिकांना राज्याकडून दरमहा जी रक्कम मिळते तिला सगळे 'जीएसटी अनुदान' म्हणतात. माझा या शब्दाला विरोध आहे. २०१७ च्या राज्य कायद्याच्या नावातच भरपाई आहे : बुडालेल्या कराचे २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ. अनुदान म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली.

लेखाशीर्ष
मुद्दा मान्य, तरी हिशेबाच्या भाषेत 'अनुदान' म्हणजे उपकार नव्हे. विधानसभा मंजूर करते त्या प्रत्येक मागणीला अनुदानच म्हणतात, पोलिसांच्या पगारालासुद्धा. स्थानिक संस्थांसाठीचे ३६०४ हे प्रधान शीर्ष 'नुकसानभरपाई व अभिहस्तांकने' याच नावाचे आहे. खरा उपयोगी भेद बंधित आणि अबंधित हा. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेसारख्या ठरवून दिलेल्या कामांनाच लागतो. भरपाईची रक्कम पगारालाही वापरता येते, आणि वापरली जातेच.

कळवा खाडी
मालमत्ता कराच्या देयकाबद्दल. पाया एकच, करयोग्य मूल्य. मासिक अपेक्षित भाडे १,००० धरले तर वर्षाचे १२,०००, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा, उरले १०,८००. देयकावरच्या बहुतेक रकान्यांची टक्केवारी या १०,८०० वर लागते, आधीच्या रकान्याच्या रकमेवर नव्हे.

'लाभकर' आणि 'पट्टी' वेगळे ठेवा. जललाभ कर हा मालमत्ता कराचाच भाग, कारण जलवाहिनीमुळे मालमत्तेला लाभ होतो असे कायदा धरतो. नळ महिनाभर बंद ठेवला तरी तो लागू. पाणीपट्टी ही पाण्याची किंमत, मीटर असेल तर वापराप्रमाणे. 'पाण्याचे पैसे दोनदा घेतात' ही तक्रार इथूनच उगवते.

शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर हे १९६२ च्या राज्य कायद्यातले. महापालिका फक्त वसूल करते आणि शासनाकडे भरते. रोजगार हमीचा उपकर निवासी घरांवर नसतो, दुकाने, कार्यालये, कारखाने यांच्यावर असतो. शिक्षणाच्या नावाने दोन रकाने असतील तर 'शासन' लिहिलेला राज्याचा. त्याच्या भरवशावर पालिकेच्या शाळेचे छप्पर मागता येणार नाही.

व्यवसाय कर हाही असाच फसवा. वाशीच्या कार्यालयात कापला जातो, पण जातो राज्याकडे. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० मिळून वर्षाचे २,५०० होतात, कारण अनुच्छेद २७६ ने कमाल मर्यादाच तेवढी घातली आहे.

सानपाडा
'शुल्क' राहिले. या एका शब्दात दोन परस्परविरोधी गोष्टी कोंबल्या आहेत. उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क हे निखळ कर, बदल्यात ठरावीक सेवा नाही. परवाना शुल्क, नोंदणी शुल्क हे सेवेचे किंवा परवानगीचे मोल. ८० लाखांचे घर ठाण्यात घेतले तर पुरुष खरेदीदाराला ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार. त्यातले ५ टक्के म्हणजे ४ लाख हे मूळ मुद्रांक शुल्क. १ टक्का, ८० हजार, हा महापालिकेसाठीचा अधिभार. उरलेला १ टक्का नागरी वाहतूक प्रकल्पांसाठीचा अधिभार. यालाच बोलताना 'मेट्रो सेस' म्हणतात. कायद्यात तो अधिभारच आहे, उपकर नव्हे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही, म्हणून इथे ३० हजार.

महापालिकेचा १ टक्का आधी राज्याकडे जमा होतो आणि मग पाठवला जातो. त्यामुळे घरविक्री तेजीत असूनही पालिकेच्या पुस्तकात ती जमा उशिरा दिसू शकते.

पाचपाखाडी
आणि 'शास्ती'? अभय योजनेच्या, म्हणजे थकबाकीदारांसाठीच्या सवलतीच्या, फलकांवर शास्तीमाफी म्हणजे दंडमाफी लिहितात, तरी काहींच्या देयकातली शास्ती तशीच राहते.

कळवा खाडी
शास्ती दोन. एक थकबाकीवरची, दरमहा २ टक्के. दुसरी अनधिकृत बांधकामाची, महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खालची, मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत जाणारी आणि करासोबत दरवर्षी लागणारी. ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. अभय योजना साधारणपणे पहिल्या शास्तीपुरती असते. आदेशात कलम २६७-अ चा उल्लेख नसेल, तर दुसरी माफ झालेली नाही असेच धरावे, आणि भरणा करताना रक्कम कोणत्या रकान्यात जमा होते ते पावतीवर तपासावे.