सहा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे भंगार म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

खटपट्या
परवा इथेच एकाने लिहिलं की "सहा वर्षांवरचा लॅपटॉप वापरणं म्हणजे फाटका बनियन घालून लग्नाला जाणं, विंडोज १० गेलं, गुपचूप नवा घ्या आणि जुना आईबाबांना देऊन टाका". तिथे उत्तर लिहायला बसलो तर लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

माझा लॅपटॉप २०१७ चा. सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ च्या परीक्षेत एका मार्काने नापास, तिथे आठवी लागते. उजवं बिजागर गेलंय, झाकण उघडताना तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तसं खाली हात लावावा लागतो. बॅटरी चाळीस मिनिटं. पण २०२१ मध्ये हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हापासून चहा गाळेपर्यंत चालू होतो आणि मला लागतं काय, एक्सेल, मेल, आणि रात्री जुन्या मॅचेस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे मलाही माहितीये, पण सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट. मी घेतलेत. मग आत्ता साठ-सत्तर हजार कशाला घालू? त्यात रॅमचे भाव बघा. गेल्या जूनमध्ये भावासाठी ८ जीबीची पट्टी सतराशेला आणली, जानेवारीत त्याच दुकानदाराने तीच साडेचार हजार सांगितली, आणि वर "उद्या विचाराल तर हाही भाव नाही". एआयवाल्यांची डेटा सेंटरं चिपा गिळणार आणि बिल आपण भरायचं. मी थांबणार.

पेठेतला_पोपट
तो बनियनवाला मीच. मागे न बोलता समोर बोलायचं होतं.
रॅम महागली म्हणून थांबतोस? अरे महागतेय म्हणूनच आज घ्यायचा ना! चिपांचा कारखाना म्हणजे वडापावची गाडी नव्हे, की गर्दी वाढली म्हणून दुसरी लावली. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल या आपल्या किरकोळ ब्रँडचं दुकान बंद करतो म्हणून सांगून टाकलं, आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाची त्यांना गरजच उरली नाही. दुकानात जुन्या भावाचा माल आहे तोवर उचल. २०२५ मध्ये असेच लोक जीएसटी कमी होईल म्हणून थांबले होते. सप्टेंबरात एसी नि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, लॅपटॉप होता तिथेच, १८. थांबलेल्यांना मिळालं काय? रॅमची भाववाढ.

घसारा_४०
धंद्याचा असेल तर एक लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवर घसारा (झीज म्हणून नफ्यातून वजा होणारी रक्कम) ४० टक्के, पण घेतला त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. तरी दरवर्षी ३० मार्चला रात्री साडेदहाला फोन येतो, "आत्ता लॅपटॉप घेतला तर टॅक्स वाचेल ना?" अहो ऑक्टोबर लागायच्या आत विचारा की. आमची जेवणं तरी होऊ द्या मार्चमध्ये.

खटपट्या
माझा पगार आहे हो, धंदा नाही.

पेंग्विनपंथी
एवढा काथ्याकूट कशाला? विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. फुकट. माझा २०१२ चा डबा पळतोय.

डीटीपी_ताई
आला! मी वाटच बघत होते अजून कसा आला नाही. दादा, माझी वीस वर्षांची कामं श्रीलिपीत, म्हणजे विंडोजवरच्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, लग्नपत्रिकांपासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत. त्या फाइली तुझ्या मिंटवर उघडून दे, पुढच्या पत्रिकेत तुझं नाव प्रेषक म्हणून छापते.

पेंग्विनपंथी
कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारं युनिकोड येऊन किती वर्षं झाली, अजून जुने फॉन्ट कवटाळून बसायचं आणि दोष लिनक्सला द्यायचा. शिकायची तयारी नको.

डीटीपी_ताई
शिकायचं मला सांगू नकोस. गिऱ्हाईक जुनी फाइल घेऊन दारात उभं असतं, "ताई, फक्त तारीख बदलायचीये". त्याला युनिकोडवर प्रवचन देऊ? तू येऊन दे, चहा मी पाजते.

निवृत्त_मास्तर
वाद चालू द्या. मला फक्त मूळ पोस्टमधल्या शेवटच्या तीन शब्दांबद्दल बोलायचं आहे. "आईबाबांना देऊन टाका." ते आईबाबा म्हणजे मी.
चिरंजीवांनी नवीन घेतला आणि जुना मला "भेट" दिला. बॅटरी नाहीच, वायर हलली की बंद. त्यात इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमधलं 'न'चं बटण मेलेलं. मी ३४ वर्षं मराठी शिकवलं. सोसायटीचा सचिव म्हणून सूचना टाइप करतो, न उमटत नाही म्हणून ण वापरतो. गेल्या आठवड्यात फलकावर लागलं: "उद्या सकाळी पाणी येणार णाही. सर्वांणी णोंद घ्यावी." खाली कुणीतरी लाल पेनाने तीन गोल करून "मास्तर, ०/१०" लिहिलं. माझाच विद्यार्थी असणार. (हे फोनवरून लिहितोय.)

पेठेतला_पोपट
😂😂 काका सॉरी, पण सर्वांणी णोंद!

सासुरवाशीण_नं१
हसू नका. आमच्याकडे हेच. सासूबाईंना दिलेल्या लॅपटॉपवर दीराच्या ऑफिसचा स्टिकर अजून आहे, मधोमध उभी हिरवी रेघ, आणि वर "आईला काय, व्हिडिओ कॉलपुरता तर लागतो". त्या रेघेमुळे नातवाचा चेहरा सहा महिने अर्धा बघताहेत. त्यांच्या फिक्स डिपॉझिटवर यांची गाडी आली तेव्हा नाही कुणी सेकंडहँड शोधली.

परदेशी_पाहुणा
थोडं अन्याय करताय. मी वडिलांना नवाकोरा पाठवला होता, ते प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत. "खराब होईल" म्हणून कपाटात. शेवटी जुना दिला तो मात्र बिनधास्त वापरतात. म्हाताऱ्यांनाही जुनंच लागतं.

सासुरवाशीण_नं१
"लागतं" नाही, सवय लावलीये. म्हाताऱ्यांना म्हणे.

निवृत्त_मास्तर
प्लास्टिक मीही काढणार नाही, हे कबूल. रिमोटचंही काढलेलं नाही.

खटपट्या
अहो धागा लॅपटॉप घ्यायचा की थांबायचं याचा आहे.

डीटीपी_ताई
तुझा बिजागर मोडलेला डबा तू बदललास की कुठे जाणार रे?

खटपट्या
...आईकडे. ठीके, मान्य. खजील वगैरे व्हायचं असेल तर समजा झालो.
पण पोपटा, यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. नवा घेतलाच नाही तर जुना कुणाच्या गळ्यातही पडत नाही.

पेठेतला_पोपट
वा, काय तर्कशास्त्र! पण जा, एवढं सोडतो: ज्याला एक्सेल नि मेलच करायचंय त्याने ऑक्टोबर २०२६ पर्यंत रेटलं तर आभाळ कोसळत नाही. तेव्हा सगळे एकदम दुकानात धावले आणि लाखाला मिळाला की मला टॅग करू नकोस. आणि ते बिजागर बघ आधी, आतली डिस्प्लेची केबल तुटली की पडद्याचा खर्चही येईल, माझ्या मित्राचं झालंय.

पेंग्विनपंथी
मास्तर, लॅपटॉप बदलू नका. यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड मिळतो, चार-पाचशे रुपये. खोचला की चालू.

निवृत्त_मास्तर
एवढंच? दोन वर्षं झाली, चिरंजीव संगणक अभियंता आहेत.

डीटीपी_ताई
पेंग्विन पहिल्यांदा कामाचं बोलला. तारीख लिहून ठेवा.

निवृत्त_मास्तर
आणला. साडेचारशे, घासाघीस करून चारशे वीस.
न. नळ. नारळ. नणंद. नाना नाही म्हणाले.
उद्या सकाळी पाणी येणार नाही.