सीएनसी लेथ: एक्स अक्षाचा सर्व्हो अलार्म, मदत हवी आहे
मंडळी, रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये जुनी स्लँट बेड (तिरक्या बेडची) लेथ घेतलीय. सकाळी मशीन मस्त चालते, गरम झाली की रॅपिडला (कापणी न करता वेगाने सरकताना) एक्स अक्षावर (टूल जॉबच्या व्यासाच्या दिशेने सरकवणारा) ४११ नंबरचा अलार्म येतो, म्हणजे चालताना पोझिशन एरर मर्यादेबाहेर. झेड (लांबीच्या दिशेचा अक्ष) मात्र ठीक. लोड मीटर १०० टक्क्यांच्या वर, मोटरला हात लावला तर चटका बसतो. मेगर केलं (इन्सुलेशन तपासलं), वाइंडिंग बरं आहे, कनेक्टर कोरडा, गिबला (स्लाइडमधल्या सरकपट्टीला) तेल पोचतंय.

विकणारा म्हणतो ड्राइव्ह (मोटरला वीज देणारं युनिट) बदला. (त्याला काय, पैसे आमचे!) मला संशय मोटरच्या ब्रेकचा, जो वीज मिळाली की सुटतो. २४ व्होल्टच्या जागी ब्रेकच्या टर्मिनलवर १९ च दिसतात, त्यामुळे तो अर्धवट सुटून घासत असेल का? कपलिंग (मोटर आणि स्क्रूचा जोड) सोडून बघायचंय, पण बेड तिरका असल्याने टरेट (टूल धरणारा भाग) खाली घसरेल. लाकडी ठोकळ्याचा टेकू पुरतो का?