फोड नाहीत, त्रास नाही, पण हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह

प्रश्न (म्हापसा):
चतुर्थीनंतर माझं लग्न आहे. आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं. एचआयव्ही, सिफिलिस निगेटिव्ह. पॅकेजमध्ये हर्पिसही (ओठावर किंवा गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू) होता, माझा आयजीएम, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह आला. खाली कधीच फोड आलेला नाही. लहानपणी ताप आला की ओठाच्या कडेला पुटकुळ्या यायच्या, आजी म्हणायची ताप बाहेर पडतोय. आई म्हणते ही नागीण. चार रात्री झोप नाही. त्याला काय सांगू?

उत्तर (फोंडा):
बाय, आधी तो आयजीएम बाजूला ठेव. मी 14 वर्षं लॅबमध्ये आहे, या एका ओळीने रडवलेल्या मुली मी पाहिल्यात. आयजीएम भलत्याच कारणानेही पॉझिटिव्ह येतो, आणि संसर्ग नवा की जुना हे त्यातून ठरत नाही. ओठावरच्या त्या पुटकुळ्या बहुधा हर्पिसच्या टाइप 1 च्या; टाइप 2 सहसा खाली होतो. जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून जास्त लोकांत टाइप 1 असतो. नागीण निराळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची.

फोड असेल तर तपासणी सरळ आहे. तो ताजा, पाण्याने भरलेला असतानाच डॉक्टर फोडतात, तळाशी स्वॅब घासतात आणि पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवतात. टाइपही कळतो. खपली धरली की विषाणू हाती लागेलच असं नाही.

फोड नसेल तर टाइपवार आयजीजी उरतो, म्हणजे टाइप 1 आणि 2 च्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची वेगवेगळी रक्ततपासणी. संसर्गानंतर तो दिसायला 12 आठवडे, कधी जास्तही लागतात. रिपोर्टवरचा टाइप 2 चा आकडा (इंडेक्स) 3 च्या खाली, जेमतेम पॉझिटिव्ह असेल तर तो खोटा निघण्याची भीती मोठी. दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय मानू नये. टाइप 1 पॉझिटिव्ह आला तरी तो ओठावरचा की खालचा, हे रक्त सांगत नाही. म्हणूनच लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी नको, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. पॅकेजमध्ये हा आयजीएम घालतात याचा मला मनापासून राग येतो.

उत्तर (मडगाव):
मला टाइप 2 आहे. पहिल्यांदा फोड आले तेव्हा लाजेने आठवडा घालवला, स्वॅब निगेटिव्ह आला. पुढच्या खेपेला दुसऱ्याच दिवशी गेलो आणि निदान झालं. बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं. तू रिपोर्ट घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत जा.

प्रश्नकर्ती:
सोमवारी जाते. त्याला काल रात्री सगळं सांगितलं. म्हणाला, त्याच्याही ओठावर यायच्या. सोबत येतोय.